नाव कोणाचं जाणार

वैभवीने विषय काढायला नेमकी सासऱ्यांच्या साठीशांतीचीच दुपार निवडली, हे सासूने, अनुपमाने तिला पुढे कधीच माफ केलं नाही. खरं तर वैभवीकडे दुसरी दुपार नव्हती. बुधवारी परतीचं विमान होतं, आणि नवरा, तन्मय घराबाहेर आहे असा निवांत वेळ या आठवड्यात पहिल्यांदाच मिळाला होता. बहिणीची, मुग्धाची गाडी घेऊन, मागच्या सीटवर लेक शुभ्राला बसवून तो गुरुजींना सोडायला शारजाला गेला होता. शारजाचा ट्रॅफिक म्हणजे माणूस सांगून गेलेल्या वेळेला येत नाही.

सकाळ मात्र फार छान गेली होती. फ्लॅटमध्ये होम करायचा म्हणजे आधी छतावरचा स्मोक डिटेक्टर झाकावा लागतो, नाहीतर सगळी बिल्डिंग खाली उतरते. ते काम उपेंद्रकाकांनी स्टुलावर चढून, बाथरूममधली शॉवर कॅप ताणून बसवून केलं, आणि येईल त्याला 'दादाच्या घराला टोपी घातली' म्हणून सांगत सुटले. गुरुजी आठवडाभर एका कंपनीत अकाउंट्स बघतात आणि सुटीच्या दिवशी सोवळं नेसतात, त्यामुळे मंत्रसुद्धा मुदतीत संपले. अबू धाबीच्याही पुढच्या रुवैस गावचे जुने शेजारी पहाटे निघून आले होते. साठ दिव्यांनी औक्षण झालं तेव्हा चारुदत्तला रडू आलं, आणि तेहतीस वर्षं तिथल्या रिफायनरीत काढलेला हा माणूस रडू शकतो हे बघून रुवैसवाले एकमेकांकडे बघायला लागले. पुढच्या महिन्यात व्हिसा रद्द होणार, मग पुणे. हे सगळ्यांनाच माहीत होतं.

पाहुणे गेले. उरलेल्या पुरणपोळ्या फॉइलमध्ये गुंडाळत अनुपमा ओट्याशी उभी होती.

"आई, तो घरात नाहीये तोवर बोलून घेऊ या," वैभवी म्हणाली.

"आज?"

"बुधवारी आम्ही जाणार."

"आजचा दिवस तरी माझ्या घरात ते नको होतं गं," अनुपमा म्हणाली. पण फॉइल खाली ठेवून ती बाहेर हॉलमध्ये आली.

'ते' म्हणजे तन्मयचं ते. ऑगस्टमध्ये वैभवीचा हॉलंडहून फोन आला होता. तन्मय ऑनलाइन जुगार खेळतो, घरासाठी साठवलेलं सगळं गेलं, असं ती हुंदके देत सांगत होती. त्या दिवसापासून हर्डीकरांच्या घरात त्या गोष्टीला नाव उरलं नाही. 'तन्मयचं ते कसं आहे?' एवढंच विचारायचे, तेही हळू आवाजात.

हॉलमध्ये चारुदत्त सोफ्यावर होता, गळ्यातला हार काढून मांडीवर घेतलेला. त्याचा धाकटा भाऊ उपेंद्र जमिनीवर पाय पसरून बसला होता. मुग्धा खुर्चीत. ती तन्मयची मोठी बहीण, इथल्याच एका बँकेत कम्प्लायन्सला आहे, म्हणजे दिवसभर इतरांच्या व्यवहारांवर संशय घेण्याचा पगार घेते. नवऱ्यापासून वेगळी झाल्यावर तिने हा फ्लॅट घेतला आणि बाबांचं काम संपताच आईवडिलांना रुवैसहून इथे आणलं.

वैभवीने सरळ सुरुवात केली. तिला आडवळण जमत नाही, हा तिचा गुणही आणि दोषही.

"तिकडे सरकारची एक नोंद असते. त्यात माणसाचं नाव गेलं, की लायसन्स असलेली कुठलीच साइट, कुठलाच कॅसिनो, मशीनवाले हॉलसुद्धा त्याला आत घेऊ शकत नाहीत. आत घेण्याआधी प्रत्येकाला ती नोंद तपासावीच लागते. निदान सहा महिने. मधेच काढून टाका म्हटलं तरी निघत नाही."

"मग घालू दे की त्याला नाव," उपेंद्र म्हणाला.

"तो घालत नाही, काका. मी आठ वेळा म्हटलं असेल. हो हो म्हणतो, उद्या म्हणतो. पण स्वतःहून घातलं नाही तर घरच्यांना अर्ज करता येतो. खेळणाऱ्याशी तुम्ही आधी बोललात का, कशावरून म्हणता, हे सगळं विचारतात. मग ते त्याला कळवतात, त्याचं म्हणणं ऐकतात आणि ठरवतात."

"त्याला कळवतात?" अनुपमाने विचारलं.

"लपून करता येत नाही, आई. कोणी अर्ज केला ते कळणारच."

"मग कर तू. आम्हाला कशाला विचारतेस?"

पुढचं वाक्य वैभवीने विमानात मनात घोळवून ठेवलं होतं, तरी आता ते तिने घाईनेच म्हणून टाकलं.

"अर्ज माझ्या नावाने गेला तर तो म्हणेल बायकोने सूड उगवला. आमचं आता असं झालंय की मी पाणी दिलं तरी त्याला त्यात टोमणा दिसतो. तुमच्यापैकी कोणाच्या नावाने गेला तर तो ऐकेल. निदान मला सोडून तरी जाणार नाही."

"हे बघ," उपेंद्र म्हणाला, "मला एक कळत नाही. आधी सरकारने जुगाराला परवानगी द्यायची आणि मग लोकांची नावं लिहून घ्यायची? हा कसला कायदा? इथलं बघ. बंद म्हणजे बंद, खलास. कोणाची हिंमत आहे?"

"काका, इथेही आता लॉटरीला लायसन्स दिलंय," मुग्धा म्हणाली. "रास अल खैमाला कॅसिनो उभा राहतोय. पेपर वाचत जा."

"तो टूरिस्टांसाठी असेल."

"असेल."

"मी काय म्हणते ते ऐका," अनुपमा म्हणाली. "त्याला तिकडे पाठवूच नका. माझा मुलगा इथे राहील, मुग्धाकडे. तो इथे लहानाचा मोठा झाला, बारावीपर्यंत कधी वावगं पाऊल पडलं नाही. का? कारण इथे ती सोयच नाही. तिकडे जाऊन बिघडला. रुवैसला अजून आपली माणसं आहेत, कुठेही चिकटेल. त्या वाळवंटात करून करून काय करणार आहे?"

"आणि मी? शुभ्राची शाळा?"

"तूही ये. नाही कोण म्हणतंय?"

"आई, आजार त्याला झालाय. देश कशाला बदलायचा?"

"पण नाव द्यायचं नाही," अनुपमा म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता. "कोणत्याही सरकारला माझ्या पोराचं नाव द्यायचं नाही. तुला नाही कळणार ते. तू इथे नाही राहिलीस."

मुग्धाला कळत होतं. पटत नव्हतं, पण कळत होतं. रुवैसच्या कॉलनीत त्यांच्या शेजारी मरियमबी राहायची, मूळची रत्नागिरीची. तिच्या हातची सांदणं खाऊन मुग्धा आणि तन्मय वाढले. एका सुटीच्या दिवशी तिचा नवरा हनीफ कामगारांच्या खोलीवर गेला. तिथे पैसे लावून तीन पत्ती चालली होती. हनीफ खेळत नव्हता, नुसता चहा पीत बाजूला बसला होता. धाड पडली, सगळ्यांची नावं लिहून घेतली. आठवड्याभरात मरियमबी पोरांना घेऊन विमानतळावर. घरातला फ्रिज, पलंग, सगळं शेजाऱ्यांत वाटून गेली. त्या रात्री बाबांनी घरातला रमीचा कॅट कचऱ्यात टाकला, आणि आईने दोघा मुलांना समोर बसवून सांगितलं, की शाळेत मारामारी झाली तरी चालेल, पण कुठे नाव लिहून घेतलं जाईल असं वागायचं नाही. आपण इथे बाबांच्या स्पॉन्सरशिपवर आहोत. एकाचं नाव गेलं तर सगळे जातील. मुग्धा तेव्हा दहा वर्षांची होती. आज ती लोकांची नावं तपासण्याचंच काम करते आणि अजूनही सिग्नलला पोलिसाची गाडी शेजारी थांबली की सीटबेल्ट चाचपून बघते.

"आई, ती नोंद ब्लॅकलिस्ट नाहीये," ती म्हणाली. "पोलिसांना दिसत नाही, नोकरी देणाऱ्याला दिसत नाही. व्हिसाशी तिचा काही संबंध नाही. माणसाला वाचवायला केलीय ती."

"हनीफलाही नाव लिहिताना कोणी सांगितलं होतं का, की हे कशासाठी आहे?"

"तू दोन गोष्टी एक करतेस."

"मी एकच गोष्ट बघितली आहे आयुष्यात. नाव गेलं की माणूस गेला."

"वहिनी म्हणतात त्यात तथ्य आहे," उपेंद्र म्हणाला. "थोडं थांबा. दादाचा व्हिसा सुरळीत कॅन्सल होऊ दे, ग्रॅच्युइटी हातात पडू दे, मग बघू."

"काका, मी थांबू शकत नाही." वैभवीचे डोळे भरले, पण ती रडली नाही. "बुधवारी त्याला घेऊन मी घरी जाणार, ते नाव जाणार असेल तरच. नाहीतर मी त्याला आता घरात घेणार नाही. हे मी त्याला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतेय."

मुग्धाने वैभवीकडे बघितलं. घटस्फोटाच्या आधी आपलाही चेहरा असाच दगडासारखा झाला होता, हे तिला आठवलं. ही पोरगी धमकी देत नव्हती.

इतका वेळ चारुदत्त हारातली झेंडूची फुलं एकेक तोडत होता. मांडीवर पिवळ्या पाकळ्यांचा ढीग झाला होता. त्याच्या मनात मात्र राहून राहून एकच गोष्ट येत होती, की सकाळी औक्षण झाल्यावर तन्मय पाया पडला आणि पाया पडून उठायला त्याला फार वेळ लागला. कपाळ पायावर टेकवून तो तसाच राहिला. लोकांना वाटलं, काय संस्कार आहेत. चारुदत्तला आपल्या पायावर ओलं लागलं होतं.

"अर्जावर माझं नाव घाल," तो म्हणाला.

"अहो," अनुपमा म्हणाली.

"सगळ्यांच्या कागदांवर स्पॉन्सर म्हणून माझंच नाव होतं ना इतकी वर्षं? तुझ्या, मुलांच्या. मग याच कागदावर का नको?"

"तुम्ही त्याला सरकारच्या हवाली करताय."

"आपल्याकडून तर काही होत नाहीये, अनुपमा. ऑगस्टपासून आपण काय केलं? हळू आवाजात बोललो."

अनुपमाने तोंडाला पदर लावला. उपेंद्र उठून उगाचच खिडकीपाशी गेला. वैभवी सासऱ्याकडे बघत राहिली. लग्नाला दहा वर्षं झाली, पण या माणसाने आपली बाजू घेतलेली तिने आज पहिल्यांदा बघितली, आणि त्याबद्दल आभार कसे मानायचे ते तिला सुचेना.

"बाबा, तो तुमच्यावर चिडेल," ती कशीबशी म्हणाली.

"चिडू दे. बापावर चिडलेला मुलगा कुठे जातो? परत येतोच."

तेवढ्यात दार उघडलं. शुभ्रा पुढे धावत आली.

"Aaji, guruji fell asleep in the car! He was snoring in Sanskrit."

एरवी या वाक्यावर घर हसलं असतं. तन्मय मागून आला, चपला काढल्या, आणि सगळ्यांचे चेहरे बघून तिथेच थांबला. छत्तीस वर्षांचा, अंगाने बारीक झालेला, सकाळचा रेशमी कुर्ता अजून अंगावर.

"शुभ्रा, आत जाऊन कार्टून बघ," मुग्धा म्हणाली.

"Why is everybody sad?"

"यल्ला, जा म्हटलं ना."

ती गेली. चारुदत्तने समोरच्या खुर्चीकडे बोट केलं, पण तन्मय बसला नाही.

"तन्मय, मी तुझ्या तिकडच्या सरकारकडे अर्ज करणार आहे. त्या नोंदीत तुझं नाव घाला म्हणून. वैभवीने नाही, मी ठरवलंय. रागवायचं तर माझ्यावर रागव."

तन्मयने वैभवीकडे बघितलं, मग वडिलांकडे. राग नव्हता त्याच्या चेहऱ्यावर. तो एखाद्या थकलेल्या माणसासारखा भिंतीला टेकला.

"नका करू, बाबा. उपयोग नाही."

"उपयोग आहे की नाही ते मी बघतो."

"ते आधीच आहे त्यात."

"काय?"

"नाव. मीच घातलंय. मार्चमध्ये. एका वर्षासाठी."

वैभवी खुर्चीतून अर्धवट उठली आणि परत बसली. "खोटं बोलू नकोस."

"खोटं खूप बोललोय तुझ्याशी. हे नाही. शुभ्राच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी घातलं. केक आणायला गेलो होतो ना, उशीर झाला म्हणून तू चिडली होतीस? गाडीत बसून तेच केलं. आईचं ते सगळं आठवत होतं, नाव गेलं की माणूस गेला. तरी घातलं. मग तीन आठवडे नाही खेळलो."

"आणि मग?"

"मग एकाने लिंक पाठवली. कुठल्या तरी बेटावरची कंपनी आहे. लायसन्स नाही, काही नाही. ते नाव तपासत नाहीत. तुम्हाला सगळ्यांना वाटतंय दार उघडं आहे. दार मी मार्चमध्येच लावलं, बाबा. मी खिडकीतून जातोय."

चारुदत्तने मांडीवरचे झेंडूचे तुकडे हातात गोळा केले आणि ते कुठे ठेवावेत ते न समजून तसेच धरून बसला. ज्या पोराला आपण नावाची एवढी दहशत घातली, त्याने एकट्याने गाडीत बसून स्वतःचं नाव सरकारला दिलं होतं. किती घाबरला असेल. आणि आपल्याला वाटत होतं की तो काहीच करत नाही. चारुदत्तला त्याला जवळ घ्यावंसं वाटलं, पण त्या घरात तशी पद्धत नव्हती.

"मला का नाही सांगितलंस?" वैभवीचा आवाज अगदी बारीक झाला होता. "मी आठ वेळा तुझ्यापुढे हात जोडले. तू सांगितलं असतंस तर मी—"

"तर तुला वाटलं असतं मी सुटलो. मग परत येऊन सांगावं लागलं असतं की नाही सुटलो. पहिलं जमलं असतं, वैभवी. दुसरं नसतं जमलं."

"म्हणूनच म्हणते, इथे राहा," अनुपमा घाईने म्हणाली. तिला त्यातही वाट दिसली होती. "तिकडचे कायदे असेच, एक दार लावायचं आणि दहा खिडक्या उघड्या. इथे तसं नाही. इथे राहिलास तर—"

"आई, इथेही खेळलो."

"इथे कुठे?"

"या घरात. आल्यापासून. व्हीपीएन लावला की सगळं चालतं. आज सकाळीसुद्धा."

मुग्धा ताडकन उठली आणि आधी खिडकी लावून घेतली. "तुला कळतंय का तू काय बोलतोयस? इथे याचं काय होतं माहितीय ना? माझ्या वायफायवर, तन्मय? माझ्या नावावर?"

"सॉरी, ताई."

"आज सकाळी," अनुपमा म्हणाली. "होम चालू असताना?"

तन्मयने डोळे मिटून मान हलवली. उपेंद्रला काहीतरी बोलावंसं वाटत होतं. तो दोनदा खाकरला आणि मग त्याने गाडीची किल्ली शोधायला सुरुवात केली. त्याला अबू धाबीला लवकर पोचायचं होतं, असं तो पुटपुटला. त्याला कोणी अडवलं नाही.

वैभवी उठली. डोळे पुसायला तिने ओढणी वर घेतली, पण पुसण्यासारखं काही नव्हतं.

"मी त्या कायद्याच्या भरवशावर थांबले होते," ती तन्मयला म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि म्हणून ऐकवत नव्हतं. "मला वाटायचं, एवढं एक केलं की होईल. हे शेवटचं उरलंय, ते केलं की आपण सुटू. तू ते आधीच करून बसला होतास. मग आता माझ्याकडे काय राहिलं?"

"डॉक्टरकडे जाऊ. जातो मी, खरंच."

"जा. मनापासून सांगते, जा. पण बुधवारी मी आणि शुभ्रा जातो. तू आमच्याबरोबर येऊ नकोस."

"वैभवी."

"मला तुझा राग नाही आलेला. आला असता तर बरं झालं असतं."

ती शुभ्राला घेण्यासाठी आत गेली. आतून शुभ्राचा आवाज आला, "Is Baba coming also?" त्याला मिळालेलं उत्तर बाहेर ऐकू आलं नाही.

हॉलमध्ये आता आईबाप, दोन मुलं एवढेच उरले होते, रुवैसच्या घरात जेवायला बसायचे तेवढेच. तन्मय भिंतीपासून सुटून आईसमोर येऊन उभा राहिला.

"आई, मी राहू ना इथे?"

चारुदत्तने आणि मुग्धाने दोघांनीही अनुपमाकडे बघितलं. मुलगा इथे राहावा, एवढंच ती मघापासून, खरं तर ऑगस्टपासून मागत होती. आता तो स्वतः होऊन मागत होता, आणि अनुपमाच्या तोंडून हो निघेना. तिला मरियमबीचा पलंग आठवत होता, रिकाम्या घरातून चौघांनी उचलून बाहेर काढलेला. आपल्याला आपल्याच मुलाची भीती वाटतेय, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला त्याची इतकी लाज वाटली, की तिने मान खाली घातली.

मग तिने मान वर केली.

"राहा," ती म्हणाली. "आई आहे मी, नाही कशी म्हणेन? पण आधी फोन दे."

तिने हात पुढे केला. तळव्यावर सकाळची हळद अजून होती.

"हो," तन्मय म्हणाला. "देतो ना." त्याचा हात कुर्त्याच्या खिशात गेला.

"दे."

"देतो, आई. एक मिनिट."

मुग्धाने तोंड फिरवलं. चारुदत्त उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही. अनुपमा हात पसरून वाट बघत होती. खिशातला हात खिशातच होता.

"देतो," तन्मय परत म्हणाला, आणि रडायला लागला.